कोणाला विचारायचे? नमुना निवडीची पार्श्वभूमी

२०२०च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचे रक्त तपासले गेले. ५१.५ टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडे सापडली आणि निम्म्या पुण्याला संसर्ग होऊन गेला, अशी चर्चा गावभर झाली. हे पाच प्रभाग मुळात जास्त रुग्णांचे म्हणूनच घेतले होते. आकडा खरा होता, पण तो येरवडा, कसबा, लोहियानगर अशा भागांचा होता, साऱ्या शहराचा नव्हे. पाहणीचे उत्तर बरेचसे लोक निवडतानाच ठरते, आणि बातमीतून नेमकी लोक कसे निवडले हीच ओळ गळते.

पुण्याला हा प्रश्न जुना आहे. इथल्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची घर न् घर पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे नमुन्याचा, म्हणजे थोड्यांवरून सगळ्यांचे सांगण्याचा, प्रश्न नव्हता, सगळेच गाव मोजले होते. पण एक गाव म्हणजे दख्खन नव्हे. शहर आणि खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ असल्याने त्या गावाची मिळकत वेगळी होती. म्हणून दुसऱ्या अभ्यासाला शहरापासून लांबचे, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक घेतले. तरीही ‘नमुनेदार गाव’ ठरवणारी नजर अभ्यासकाचीच राहिली.

ही नजर बाजूला कशी ठेवायची? १८९५ मध्ये नॉर्वेचे संख्याशास्त्रज्ञ किएर यांनी सगळ्यांना न मोजता प्रातिनिधिक भाग मोजण्याची कल्पना मांडली. १९३४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी ती संभाव्यतेच्या पायावर उभी केली: निवड चिठ्ठीने व्हावी आणि निवडले जाण्याची प्रत्येकाची शक्यता आधी ठाऊक असावी. दोनच वर्षांनी अमेरिकेत एका साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असे सांगितले. ते प्रचंड मताधिक्याने जिंकले. मतपत्रिका मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून पाठवल्या होत्या, आणि परत आल्या त्याही ज्यांना मत कळवावेसे वाटले त्यांच्याच.

नेमन यांच्याजवळ लंडनला शिकलेले पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. त्यांचे काम मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यांनी हे गणित शेताच्या बांधावर आणले. तेव्हा पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे चांगले पीक धरून यंदा किती आणे, हे नजरेने ठरायचे. सुखात्मे आणि पानसे यांनी आधी चिठ्ठीने गाव, मग शेत, मग शेतातला तुकडा निवडायचा आणि तिथले पीक कापून वजन करायचे, ही रीत रुजवली. तुकडा केवढा असावा यावर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी त्यांचा वादही झाला. तुकडा लहान असला की काठावरची रोपे आत ओढली जातात आणि उतारा, म्हणजे एकरी पीक, फुगतो, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले. म्हणजे चिठ्ठी चोख असली तरी मोजणाऱ्याचा हात आकडा एका बाजूला झुकवतो. पीक विम्याची भरपाई आजही ‘पीक कापणी प्रयोगां’वर ठरते, तेव्हा हा वाद केवळ विद्वानांचा नाही.

१९५०मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे देशभरच्या निवडक घरांची सरकारी पाहणी, सुरू झाली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, तो याच पाहणीतल्या घरखर्चाच्या आकड्यांवर.

आज पुण्यात प्रबंधासाठी गूगल फॉर्म व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतात आणि तीनशे उत्तरे आली की त्याला ‘यादृच्छिक’, म्हणजे चिठ्ठीने काढलेला, नमुना म्हणतात. तो यादृच्छिक नाही. ज्याने लिंक उघडली, त्याने स्वतःची निवड स्वतः केली. प्रश्नावली चाचपून पाहायला असा फॉर्म चालेल. त्यावरून शहराची टक्केवारी सांगणे गैर आहे. मतदार यादी घेतली तरी हिंजवडीत भाड्याने राहणारी तरुण मुले आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतली कुटुंबे सुटतात. म्हणून जाणते लोक आधी वस्तीत फिरून घरांची ताजी यादी करतात, त्यातून चिठ्ठीने घरे काढतात आणि कुलूप दिसले तर शेजारचे दार न वाजवता त्याच घरी पुन्हा संध्याकाळी जातात. वेळ आणि पैसा जास्त लागतो तो इथेच.