सर्वात मोठी म्हणजे शेवटची नाही

"जगातली सर्वात मोठी मूळ संख्या सापडली, आता यापुढे एकही नाही" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. वाचून तसं वाटणं साहजिक आहे, पण ती फक्त आत्तापर्यंत सापडलेल्यांत मोठी असते. वही घेऊन स्वतःच बघा ना, समजा मूळ संख्या १३ ला संपल्या, तर २×३×५×७×११×१३ करा, ३००३० येतात, त्यात १ मिळवा, आता ३००३१ ला या सहापैकी कशानेही भागलं तरी बाकी १ च उरते. म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचाच हवा, आणि आहेच की, ५९×५०९! यादी कितीही लांबवा, हेच होणार. म्हणून तर मोठ्या मूळ संख्या शोधायला घरचे कॉम्प्युटर महिनोन्महिने चालू ठेवणारे व्हॉलंटियर रेकॉर्ड मोडला की मनापासून आनंद साजरा करतात आणि लगेच पुढची शोधायला बसतात.