टोगा प्रेटेक्स्टा

प्राचीन रोममधील जांभळ्या काठाचे पांढरे लोकरी उपरवस्त्र. कॉन्सल, प्रेटर, क्यूरूल ईडाइल हे वरिष्ठ अधिकारी व काही पुरोहित ते पदचिन्ह म्हणून परिधान करीत. जन्मतः स्वतंत्र असलेली मुलेही वयात येईपर्यंत तेच वापरीत आणि मग गळ्यातील बुल्ला हा ताईत गृहदेवतांना अर्पण करून साधा पांढरा टोगा स्वीकारीत. अधिकारी आणि बालक यांना एकच काठ का, याविषयी मतभेद आहेत. तो वस्त्रधारकाचे पावित्र्य राखणारा मानला जात असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या वस्त्राचे मूळ वादग्रस्त आहे. रोमन इतिहासकार लिव्हीने नोंदविलेल्या एका मतानुसार क्यूरूल आसन या उच्चाधिकाऱ्यांच्या खुर्चीप्रमाणेच प्रेटेक्स्टाही रोमच्या उत्तरेकडील इट्रुस्कन लोकांकडून आला, तर रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या मते इट्रुस्कनांवरील विजयानंतर टुलस हॉस्टिलियस या राजाने तो प्रथम वापरला. दोघेही लेखक राजेशाहीनंतर कित्येक शतकांनी होऊन गेले, त्यामुळे विशिष्ट राजाला दिलेले श्रेय जपूनच घ्यावे लागते. इट्रुस्कन संबंधाला मात्र पुरातत्त्वीय आधार आहे. फ्लॉरेन्स येथील ‘आरिंगातोरे’ या कांस्यपुतळ्यातील वक्त्याने (सु. इ. स. पू. १००) आखूड टोगा पांघरला असून त्याच्या खालच्या कडेशी, जेथे काठ दाखविला आहे, तेथेच इट्रुस्कन लेख कोरलेला आहे. काठ वस्त्राच्या वक्र कडेला असे की सरळ कडेला, या वादात हा पुतळा वक्र कडेच्या बाजूने जातो. तथापि साम्राज्यकालीन, अनेक चुण्यांच्या टोग्याला तोच निष्कर्ष सरसकट लावता येत नाही.

अंगरख्यावरील उभे जांभळे पट्टेही दर्जा दर्शवीत: सेनेटरांचे रुंद, त्यांच्या खालोखालच्या अश्वारोही वर्गाचे अरुंद. विजययात्रेतील सेनापती संपूर्ण जांभळा, सोनेरी भरतकामाचा टोगा पिक्टा घाली.

उंची रंग म्यूरेक्स कुलातील सागरी गोगलगायींच्या ग्रंथिस्रावापासून मिळे. हा स्राव हवा व उजेड लागताच पालटत जाऊन जांभळा होतो. १९०९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पाउल फ्रीडलेंडर यांनी १२,००० गोगलगायींपासून जेमतेम १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळविले, यावरून त्याच्या किमतीची कल्पना यावी. प्लिनीच्या वर्णनाप्रमाणे उत्तम टायरी (फिनिशियातील टायर शहराचा) रंग साकळलेल्या रक्तासारखा, समोरून काळपट व तिरपा धरल्यास झळाळणारा असे. आजच्या जांभळ्याहून तो बराच तांबूस होता, असे यावरून दिसते. प्लिनीने दिलेल्या, रोमन लेखक नेपोसच्या उताऱ्यानुसार दोनदा बुडविलेली टायरी लोकर पौंडाला १,००० डिनॅरियसनाही (रोमन चांदीची नाणी) मिळत नसे, आणि इ. स. पू. ६३ मध्ये क्यूरूल ईडाइल असलेल्या लेन्टुलस स्पिन्थरने ती प्रेटेक्स्टासाठी प्रथम वापरली तेव्हा त्याच्यावर टीका झाली.

सीझर व नीरो यांनी जांभळ्याच्या वापरावर बंधने घातली. इ. स. ३०१ च्या डायोक्लीशनच्या दरपत्रकात जांभळ्या रेशमाचा कमाल दर पौंडाला १,५०,००० डिनॅरियस आहे. इ. स. ४२४ च्या कायद्याने तर अशी वस्त्रे शाही कोषागारात जमा करण्याचा आदेश खाजगी व्यक्तींना दिला.