सील बदलण्याआधी ब्रीदरची नळी बघा

जुन्या ब्रिटिश गाड्या तेल गाळणारच, असं गाडीवेडे लोक जवळजवळ अभिमानाने सांगतात. ‘तेल गळायचं थांबलं तर समजावं, आतलं संपलं’ हा त्यातला ठरलेला विनोद. विनोद चांगला आहे, पण त्याच्या आडोशाने बरेच जण इंजिन खाली उतरवून सील, गॅस्केट बदलत बसतात, आणि महिन्याभरात गाडीखाली पुन्हा डाग. अशा वेळी संशयाची पहिली सुई जायला हवी ती हातभर लांबीच्या एका रबरी नळीकडे: इंजिनात साठणारा वायू बाहेर नेणाऱ्या ब्रीदरच्या नळीकडे.

उदाहरण एमजीबीचं घेऊ. 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनलेली, पाच लाखांवर निघालेली, 1798 सीसीची स्पोर्ट्स कार. (हल्ली आपल्याकडे एमजी म्हणून ज्या एसयूव्ही फिरतात, त्यांचं हिच्याशी नातं बिल्ल्यापुरतंच.)

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, तेल असलेल्या पोकळीत) उतरतो. रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवावीच लागते. एमजीबीत ती 0.3 ते 0.5 मिलिमीटर असते. नव्या इंजिनातही ही गळती शून्य नसते. या ‘ब्लो-बाय’ वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, आणि पाण्याची वाफही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं! बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, पण थोडं तेलात पोचतं. इंग्लंडच्या थंडीत गाडी रोज दोन-तीन मैलच चालवली तर तेलाच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. ती पाहून लोक हेड गॅस्केट गेलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी तेलात मिसळलं, म्हणून घाबरतात.

या वायूला वाट दिली नाही तर आत दाब वाढतो आणि तो तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. सुरुवातीच्या एमजीबीत तर क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हतं. शाफ्टवर कोरलेले उलटे आटे फिरता फिरता तेल आत परतवायचे. आतल्या दाबापुढे त्यांचं काय चालणार?

पूर्वी बहुतेक गाड्या हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे गाड्यांमधून निघणारी हायड्रोकार्बन्स आहेत, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या दशकात दाखवलं. मग 1961 मध्ये कॅलिफोर्नियाने ठरवलं, की क्रँककेसमधला वायू इंजिननेच परत ओढून जाळायचा.

ओढायचा कशाने? इंजिन हवा ओढतंच, तर नळी इनलेट मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या वाटेला) जोडली की झालं, असं वाटतं. इथेच खरी गंमत आहे. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डमधलं शोषण प्रचंड असतं, पाण्याच्या स्तंभात मोजलं तर सहा मीटरच्या आसपास. पण तेव्हा ब्लो-बाय थोडासाच. घाटात पाय दाबून गाडी चढवा, ब्लो-बाय सगळ्यात जास्त आणि शोषण जवळजवळ शून्य. हवं तेव्हा नाही, नको तेव्हा भरपूर. म्हणून 1964 पासून एमजीबीत नळीच्या वाटेत स्मिथ्स कंपनीचा एक वाल्व आला: रबरी पडदा, स्प्रिंग, सुई. पडदा फाटला की इंजिन तेलच ओढायला लागतं आणि मागे निळा धूर.

साठीच्या दशकाच्या अखेरीस तो वाल्व काढून टाकला आणि नळी कार्बोरेटरला जोडली. मला हा बदल फार आवडतो. एमजीबीचे दोन कार्बोरेटर एसयूचे, म्हणजे ‘स्किनर्स युनियन’चे. मूळ कल्पना 1905 ची. यात हवेच्या वाटेत एक उभा सरकणारा पिस्टन असतो (इंजिनच्या पिस्टनशी संबंध नाही). त्याच्या वरची पोकळी एका भोकाने त्याच्या मागच्या जागेशी जोडलेली. मागे शोषण वाढलं की ते वरच्या पोकळीत पोचतं, पिस्टन उचलला जातो, वाट रुंदावते आणि शोषण पुन्हा उतरतं. पिस्टन कुठे थांबेल? शोषण गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ बरोबर वजन अधिक स्प्रिंगचा जोर, जिथे हे जमेल तिथे. क्षेत्रफळ आणि वजन ठरलेलं, स्प्रिंग मऊ. म्हणजे शोषणही जवळपास ठरलेलंच, ढोबळमानाने 20 सेंटीमीटर पाणी. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) किलकिला असो वा पूर्ण उघडा, पिस्टन आणि थ्रॉटलच्या पाकळीमधल्या जागेत आकडा फारसा हलत नाही. ब्रीदरची नळी नेमकी तिथेच येते.

शोषण जपायचं तर ताजी हवा मोजूनमापूनच आत यायला हवी. त्यासाठी तेलाच्या झाकणात मुद्दाम बारीक वाट ठेवलेली असते. तिथे कुठलंही चकचकीत बंद झाकण लावलं तर आतली वाफ हटत नाही. फार मोकळं झाकण लावलं तर क्रँककेसमधलं शोषण जातं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. नळी काढून लावायचे लाल-निळे छोटे फिल्टरही मिळतात, ‘इंजिन मोकळं होतं, ताकद वाढते’ म्हणून. वाढतो तो बॉनेटखालचा तेलकट वास.

तपासणी शाळेतल्या यू-नळीने होते. पारदर्शक नळीत थोडं पाणी भरायचं, एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवायचं, वळसा मीटरभर खाली सोडायचा (नाहीतर पाणी इंजिनात जायचं). आयडलिंगला इंजिनकडच्या बाजूचं पाणी थोडं वर चढलं तर ठीक. खाली दबलं तर आत दाब आहे. मग नळी, वाय-जोड आणि टॅपेटच्या पुढच्या झाकणातली तेल गाळणारी जाळी उघडून साफ करा. नवी नळी नायट्राइल रबराची घ्या. हीटरच्या पाण्याची नळी सहसा ईपीडीएम या वेगळ्या रबराची असते, ती तेलाच्या वाफेत फुगून लिबलिबीत होते आणि शोषणाने आत चिकटते.

एसयूची जोडी काढून एकच वेबर कंपनीचा कार्बोरेटर बसवणाऱ्यांची अडचण वेगळी. वेबरमध्ये ती स्थिर शोषणाची जागाच नसते. मग नळी मॅनिफोल्डला थेट खोचली जाते, 20 सेंटीमीटरच्या जागी सहा मीटर, आणि तेल कुठे जातंय ते कळत नाही. त्यांना स्मिथ्सचा वाल्वच पुन्हा बसवावा लागतो.