सोडा अधिक व्हिनेगर: फेस म्हणजे सफाई नव्हे

‘खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, रसायनमुक्त जालीम क्लीनर तयार!’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय.

दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या. व्हिनेगर आम्ल, सोडा सौम्य अल्कली. एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेस म्हणजे निसटणारा कार्बन डायऑक्साइड. मागे उरतं ते सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी, ज्याची सफाईची ताकद जेमतेम. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरचं आम्ल संपवायला सुमारे ७ ग्रॅम सोडा पुरतो. फेसामुळे सैल कचरा हलतो, एवढंच.

पडताळा सोपा आहे. क्षारांचा पांढरा थर चढलेले दोन नळ घ्या. एकाला नुसत्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळा, दुसऱ्याला याच प्रमाणात केलेल्या, फेस पूर्ण बसलेल्या मिश्रणातलं. तासाभराने दोन्ही घासून पाहा. पहिल्याचाच थर सुटेल.

तेव्हा क्षारांना व्हिनेगर (संगमरवरावर मात्र नको, आम्लाने दगड झिजतो) आणि करपलेल्या भांड्याला सोड्याची ओली पेस्ट. मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, वायूच्या दाबाने ती फुटू शकते. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका: विषारी क्लोरीन वायू सुटतो.