गव्हर्नर हॉग यांची ‘दुसरी मुलगी’

टेक्सासचे गव्हर्नर जिम हॉग यांनी आपल्या मुलींची नावं ‘आयमा’ आणि ‘यूरा’ ठेवली, ही गंमत अनेक दशकं फिरते आहे. आडनावासकट इंग्रजीत म्हणून बघा: एक म्हणते ‘मी डुक्कर’, दुसरी म्हणते ‘तू डुक्कर’!

यातली आयमा खरी. यूरा मात्र कधी जन्मलीच नाही. हॉग यांना विल, माइक आणि टॉम हे तीन मुलगे आणि ही एकुलती एक मुलगी. १८८२ मधला तिचा जन्म. नाव आलं काकांच्या दीर्घकाव्यातल्या नायिकेवरून. बापाने थट्टा केली, हे लोकांनी मागाहून चिकटवलेलं.

स्वतः हॉग १८९१ ते १८९५ गव्हर्नर होते, टेक्सासमध्येच जन्मलेले पहिले. रेल्वे कंपन्यांच्या मनमानी भाड्याला वेसण घालणारं रेल्वे कमिशन त्यांच्याच काळात आलं. ते कुणाला आठवत नाही, डुक्कर बरं आठवतं.

आयमाबाईंनी ह्यूस्टन शहराचा ‘ह्यूस्टन सिम्फनी’ हा वाद्यवृंद उभा करण्यात पुढाकार घेतला आणि ‘बायू बेंड’ हे राहतं घर संग्रहासकट तिथल्या कलासंग्रहालयाला देऊन टाकलं. लग्न केलं नाही, त्यामुळे आडनावही बदललं नाही. १९७५ मध्ये, ९३व्या वर्षी वारल्या तेव्हाही त्या आयमा हॉगच होत्या.