ठाकरसी, सर विठ्ठलदास दामोदर

(१८७३–१९२२). मुंबईचे कापडगिरणीमालक, सहकारी पतपुरवठ्याचे पुरस्कर्ते आणि महिला विद्यापीठाचे मोठे देणगीदार. गोव्यातल्या मराठी वाचकाला त्यांचे पूर्ण नाव कदाचित आठवणार नाही. ‘एसएनडीटी’ मात्र लगेच आठवेल. ही अक्षरे त्यांच्या आईच्या नावाची आहेत : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी.

मुंबईच्या भाटिया व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर ते घरच्या गिरण्यांच्या कारभारात शिरले. पुढे गिरणीमालक संघाचे आणि महापालिकेचे अध्यक्षपद, विधिमंडळाचे सदस्यत्व, १९०८ मध्ये ‘सर’ हा किताब असे मानसन्मान त्यांना मिळाले. त्या काळच्या इतर बड्या गिरणीमालकांनाही असे मान मिळतच. विठ्ठलदासांचे वेगळेपण पैसा कुठे लावावा याच्या जाणिवेत होते.

१९०४ च्या कायद्याने गावोगावी सहकारी पतपेढ्या काढता येऊ लागल्या, पण त्यांना भांडवल देणार कोण? सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटायचा तर पतपेढीच्या पाठीशी भक्कम पेढी हवी. उद्योजक लल्लूभाई सामळदास यांच्या जोडीने त्यांनी १९११ मध्ये बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. पदव्यांची नावेही खास घडवलेली : ‘गृहीतागमा’ (बी.ए.च्या तोडीची) आणि ‘प्रदेयागमा’ (एम.ए.च्या तोडीची). सरकारी मान्यता नव्हती, खर्च वर्गणीवर चाले. जपानच्या प्रवासात तिथले महिला विद्यापीठ पाहून आलेल्या विठ्ठलदासांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. तिच्या साडेतीन टक्के व्याजाचे ५२,५०० रुपये वर्षाला विद्यापीठाच्या हाती पडू लागले. वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या कर्व्यांना पुढच्या वर्षाचा हिशेब आता आधी मांडता येणार होता. विद्यापीठाला आईचे नाव द्यावे आणि पुढेमागे त्याचे मुख्य ठाणे मुंबईत यावे, अशा त्यांच्या अटी होत्या. ते ठाणे १९३६ मध्ये मुंबईत आले. विद्यापीठाला नाव द्यायचे ते एका बाईचे, हा आग्रह शंभर वर्षांपूर्वीचा आहे हे विसरता कामा नये.

या मातृभाषेच्या धोरणाचे मोल गोमंतकीयाला वेगळे सांगावे लागत नाही. पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेत, पोर्तुगीज चाले. मराठी शाळा लोकांनी देवळांच्या आवारात, कुणाच्या घराच्या पडवीत चालवल्या. तिथून पुढे मराठीतून शिकायचे तर घाट चढण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकटी मुलगी घाटापलीकडे पाठवायला घरचे सहजी तयार होत नसत. गोव्यात पहिली महाविद्यालये निघाली ती १९६२ मध्ये, मुक्तीनंतर, आणि गोवा विद्यापीठाला १९८५ उजाडले.

विठ्ठलदास १९२२ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाईंनी विद्यापीठाचे काम पुढे नेले. येरवड्याच्या त्यांच्या ‘पर्णकुटी’त गांधीजींनी मे १९३३ मधला एकवीस दिवसांचा उपवास केला. १९५१ मध्ये विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला, तेव्हा पहिल्या कुलगुरू त्याच झाल्या.