लाठी न उगारल्याची नोंद

मोर्चा शांततेत पार पडला की पोलीस आयुक्त बंदोबस्तावरच्या मंडळींचे आभार मानतात. बातमीत त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात. पण ही शाबासकी नेमकी कशाची, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबईत मोर्चे जिथे येऊन थांबतात त्या आझाद मैदानापासून चालत गेलं तर हुतात्मा चौक दहा-पंधरा मिनिटांवर आहे. 21 नोव्हेंबर 1955 रोजी त्याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पंधरा जणांचा जीव गेला. पुढे या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा 106 वर पोहोचला. गर्दी मागे हटवायची, हाच त्या काळी बंदोबस्ताचा अर्थ होता. गर्दीतला माणूस सुखरूप घरी पोहोचणं हा त्या कामगिरीचा भाग समजला जात नव्हता.

नागपूरची 23 नोव्हेंबर 1994 ची संध्याकाळ तर विसरताच येत नाही. हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. कोणीतरी मंत्री येऊन निवेदन घेईल म्हणून लोक दिवसभर ताटकळत बसले. संध्याकाळी गर्दी पुढे सरकली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण गेले. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं. अडीच वर्षांनी, 11 जुलै 1997 ला, घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले. तिथे राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि दहा जण मेले. चौकशा झाल्या, आयोग बसले. पण ज्या दिवशी असं काही घडत नाही, त्या दिवसाची चौकशी कोण करतो?

खरी अडचण इथेच आहे. गुन्हा उघडकीस आला, मुद्देमाल सापडला की बक्षीस मिळतं आणि सेवापुस्तकात नोंद होते. बारा तास उभं राहून शिव्या ऐकल्या, अंगावर बाटल्या झेलल्या आणि तरीही हातातली लाठी खालीच ठेवली, तर त्याचा पुरावा काय दाखवायचा? वरिष्ठांनी स्वतः पाहिलं असेल आणि नाव घेऊन सांगितलं, तरच ते कुणाला कळतं.

2012 साली हा प्रश्न टोकाला गेला. 11 ऑगस्टला आझाद मैदानाबाहेर सभेतला जमाव बिथरला, गाड्या पेटल्या, महिला पोलिसांवर हात टाकले गेले, दोघांचा मृत्यू झाला. आयुक्त अरूप पटनायक स्वतः मैदानात उतरले होते. त्यांनी दलाला आवरून धरलं. दंगलीचं लोण शहरभर पसरलं नाही, असं त्यांच्या बाजूचे म्हणाले. मार खाल्लेल्या पोलिसांना वाऱ्यावर सोडलं, असं विरोधक म्हणाले. त्याच महिन्यात त्यांना आयुक्तपदावरून हलवलं गेलं. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. संयमाचा आदेश देताना जखमी शिपायाच्या पाठीशी उभं राहणंही दलाच्या प्रमुखालाच करावं लागतं. त्याशिवाय पुढच्या वेळी तो आदेश मनापासून पाळणार कोण?

मार्च 2018 मधला किसान लाँग मार्च याच्या अगदी उलट. नाशिकहून 6 तारखेला निघालेले शेतकरी 11 ला मुंबईत सोमय्या मैदानावर आले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांना त्रास नको म्हणून हजारो माणसं रातोरात आझाद मैदानाकडे निघाली. पायांना फोड आलेले, काहींच्या पायात चपलाही नव्हत्या. मुंबईकरांनी वाटेत पाणी आणि बिस्किटं दिली. आणि त्या रात्री रस्त्याच्या कडेला गणवेशातली माणसंही जागी होती. सकाळी मुलं वेळेवर परीक्षेला पोहोचली.

त्या वेळी मुंबईचे आयुक्त दत्ता पडसलगीकर होते. शिपायांना आठ तासांची ड्यूटी देण्याचा प्रयोग त्यांच्याच काळात, 2016 साली, देवनार पोलीस ठाण्यातून सुरू झाला. मला ही कौतुकाची सगळ्यात खरी तऱ्हा वाटते. सोळा तास उभ्या असलेल्या माणसाकडून शांत डोक्याची अपेक्षा किती ठेवणार? महिला शिपायांचे हाल तर आणखी वेगळे. जवळपास स्वच्छतागृह नसलं की अनेकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. मोर्च्याच्या ठिकाणी फिरतं शौचालय वेळेत उभं राहिलं, तर आभाराच्या भाषणाआधीच त्यांना कळतं की आपला विचार कुणीतरी केला आहे.